खिदमत आणि कोळसा

गेल्या रमजानमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी इफ्तारला घरी आली होती. पाचवीपासून दहावीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. आता एका ट्रस्टच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मगरिबची नमाज झाल्यावर चहा घेता घेता कोरोनाच्या दिवसांचा विषय निघाला. ती म्हणाली, ‘‘आपा, त्या दीड वर्षात आम्हाला तीनदा शाल मिळाली. पगार मात्र चार महिने रखडला होता.’’

दुसऱ्या लाटेत रात्रपाळीला दोन नर्स आणि चाळीस खाटा असायच्या. रात्री अकराला ड्यूटी संपली की घरी जायला रिक्षा नाही. रस्त्यावर पोलीस अडवायचे, ओळखपत्र दाखवत दाखवत ती चालत घरी जायची. पुढे सत्कार झाला. व्यासपीठावरून एक साहेब म्हणाले की ही खिदमत आहे, याचा सवाब अल्लाह देईल. हे सांगताना ती हसली. ‘‘सवाब अल्लाह देईलच आपा, त्यात शंका नाही. पण भाडं तर घरमालक मागतो ना!’’

मग तिनं मोबाईल काढून एक फॉरवर्ड दाखवला. आपल्यापैकी बहुतेकांना तो कधी ना कधी आलेला असतो. मध्ययुगातल्या मुस्लिम जगातले दवाखाने, त्यातली कारंजी, झोप न येणाऱ्या रुग्णांसाठी गाणारे आणि गोष्टी सांगणारे लोक, घरी जाताना रुग्णाच्या हातावर ठेवली जाणारी रक्कम. तिनं विचारलं, ‘‘हे खरं असेल, तर तिथं काम करणाऱ्यांकडे कोण बघत होतं?’’

मी भाषा शिकवते, इतिहास नाही. त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत जमेल तेवढं वाचलं. तिला जे सांगितलं, तेच इथं लिहिते आहे.

फॉरवर्डमधलं आणि फॉरवर्डबाहेरचं

तो फॉरवर्ड अगदीच खोटा नाही. कैरोमध्ये मम्लूक सुलतान कलावून यांनी १२८४ मध्ये उभारलेल्या मन्सूरी रुग्णालयाबद्दल अशी वर्णनं मिळतात. पण हे चित्र वैभवाचं आहे. तिचा प्रश्न अडचणीच्या काळातला होता. म्हणून मी कैरो बाजूला ठेवून साडेतीनशे-पावणेचारशे वर्षं मागे गेले, दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बगदादमध्ये.

तिथं रुग्णालयाला ‘बीमारिस्तान’ म्हणत. हा फारसी शब्द आहे, ‘बीमार’ आणि ‘स्तान’ मिळून झालेला. मराठी वाचकाला तो परका वाटू नये. आजार, इलाज, जखम, मलम, दवाखाना हे आपले रोजचे शब्द त्याच अरबी-फारसीच्या वाटेनं मराठीत आले आहेत.

खलिफा अल-मुक्तदिर ९०८ मध्ये गादीवर आले तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचे होते. ९३२ मध्ये ते मारले गेले. या चोवीस वर्षांना कुणी सुवर्णकाळ म्हणणार नाही. दरबाराचा खर्च अफाट, तिजोरी रिकामी, सैन्याची पगारासाठी ओरड, आणि वजीर वारंवार बदललेले. ९२० च्या सुमाराला भाकरी महागली म्हणून बगदादमध्ये दंगली झाल्या. करामिता बंडखोरांनी ९२३ मध्ये बसरा लुटलं, पुढच्या वर्षी हाजींचा काफिला लुटला, ९२७ मध्ये ते बगदादच्या जवळ येऊन ठेपले, आणि ९३० मध्ये त्यांनी मक्केवर हल्ला करून काबागृहातला हजरे अस्वदच उचलून नेला. रस्ते सुरक्षित नव्हते, गावं उजाड होत होती, साथी येत होत्या.

याच काळात बगदादमध्ये रुग्णालयं निघत होती. वजीर अली इब्न ईसा यांनी ९१४ मध्ये हरबिया भागात स्वतःच्या खर्चानं एक काढलं. ९१८ मध्ये आणखी दोन निघाली. एक खलिफाच्या आईच्या नावानं, तिगरिसच्या काठी. त्याचा महिन्याचा खर्च ६०० दिनार. दुसरं खुद्द खलिफाच्या नावानं. त्यासाठी खलिफा स्वतःच्या खासगीतून महिन्याला २०० दिनार देत.

या सगळ्यामागे दोन माणसं दिसतात. एक म्हणजे वजीर अली इब्न ईसा. काटकसरी, शिस्तीचे, कागदाला कागद लावून ठेवणारे. दरबाऱ्यांचे आणि सैन्याचे खर्च कापल्यामुळे ते अनेकांना नकोसे झाले. त्यांना पदावरून काढण्यात आलं, पुन्हा बोलावण्यात आलं, कैदेतही जावं लागलं. दुसरे म्हणजे सिनान इब्न साबित, बगदादच्या रुग्णालयांचे प्रमुख. थोर गणिती साबित इब्न कुर्रा यांचे हे चिरंजीव. हर्रानच्या साबी पंथाचं हे घराणं. म्हणजे ज्या काळाबद्दल मी लिहिते आहे, त्या काळात खिलाफतीच्या रुग्णालयांचा प्रमुख मुसलमान नव्हता. पुढे खलिफा अल-काहिर यांच्या दडपणाखाली सिनान यांना इस्लाम स्वीकारावा लागला आणि काही काळ खुरासानला पळूनही जावं लागलं. हेही त्याच इतिहासात आहे आणि ते लपवून फॉरवर्ड करण्यात अर्थ नाही.

या दोघांमध्ये जो पत्रव्यवहार झाला, त्याची हकीकत सिनान यांचे चिरंजीव साबित इब्न सिनान यांनी नोंदवली. ते स्वतः वैद्यही होते आणि इतिहासकारही. पुढे तेराव्या शतकात इब्न अबी उसैबिया यांनी वैद्यांच्या चरित्रांचा जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात ही पत्रं आपल्यापर्यंत आली. उसैबिया हे स्वतः दमास्कसच्या रुग्णालयात काम केलेले वैद्य होते. मला वाटतं, त्यांनी ही पत्रं जपली याला तेही एक कारण असावं.

तीन पत्रं

एका वर्षी आजार फार वाढले. तेव्हा अली इब्न ईसा यांनी सिनान यांना लिहिलं की मी तुरुंगातल्या लोकांचा विचार केला. इतके लोक एका जागी, जागा वाईट, म्हणजे आजार होणारच. आणि त्यांना बाहेर जाऊन वैद्याला दाखवता येत नाही. तेव्हा त्यांच्यासाठी वैद्य नेमा, ते रोज तुरुंगात जातील, सोबत औषधं आणि सरबतं नेतील आणि सगळ्या तुरुंगांत फिरतील.

हे पहिलं पत्र. यात रुग्णांची काळजी आहे. पण काम करणाऱ्याच्या बाजूनंही ते वाचून बघा. वैद्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, औषध त्याच्या सोबत द्यायचं, हे वरूनच लिहून आलेलं आहे. ज्यांनी २०२० मध्ये मास्क आणि किटशिवाय ड्यूटी केली, त्यांना या एका ओळीची किंमत कळेल. रुग्णासमोर उभं राहायचं आणि हातात द्यायला काही नाही, याच्याइतकं माणसाला आतून मोडणारं दुसरं काही नसतं, असं माझी विद्यार्थिनी सांगते.

दुसरं पत्र सवादबद्दल आहे. सवाद म्हणजे बगदादच्या भोवतीचा आणि दक्षिणेचा शेतीचा मुलूख. अली इब्न ईसा यांचं म्हणणं असं की तिथं आजारी माणसं असणारच, आणि वैद्य तर तिथं नाहीत. म्हणून फिरते वैद्य आणि औषधांचा साठा पाठवा, जिथं गरज असेल तिथं ते हवे तितके दिवस थांबतील आणि मग पुढे जातील. एका अर्थानं हा हजार वर्षांपूर्वीचा फिरता दवाखाना.

फिरत फिरत हे पथक सूरा या गावाकडे आलं. तिथले बहुतेक रहिवासी यहुदी होते. सिनान यांनी विचारलं की इथं थांबून उपचार करावेत की पुढे जावं? बगदादच्या रुग्णालयात तर मुसलमान आणि जिम्मी दोघांवरही उपचार होतात. वजिराचं उत्तर आलं की जिम्मींवर उपचार करणं बरोबरच आहे, जनावरांवर करणंही बरोबर आहे. मात्र क्रम असा ठेवा की जनावरांआधी माणसं, आणि जिम्मींआधी मुसलमान. आज आपल्याला हा क्रम खटकतो आणि खटकायलाच हवा. रुग्णाचा धर्म विचारून खाट देण्याच्या बातम्या आपण आपल्याच काळात वाचल्या आहेत, तेव्हा किती दुखलं होतं ते आठवावं. अली इब्न ईसा त्यांच्या काळाचेच होते. पण पथक मागे फिरवा, असं त्यांनी लिहिलं नाही, हेही नोंदवायला हवं.

मला मात्र याच उत्तराच्या शेवटानं थांबवलं. तिथं ते सांगतात की जिथं साथी जास्त आहेत, आजार पसरले आहेत, अशा गावांना जायला वैद्यांना सांगा. पण सोबतीला संरक्षक मिळाले नाहीत तर त्यांनी थांबावं, वाट सुरक्षित होईपर्यंत पुढे जाऊ नये.

हे दोन-तीनदा वाचलं. बाहेर करामितांची धास्ती, गावोगाव साथ, वरून खलिफाचा दरबार, आणि वजीर लिहितो आहे की रस्ता सुरक्षित नसेल तर माझ्या माणसांनी थांबावं. ‘जान हथेली पर’ घेऊन जा, शहीद व्हाल, असं काही नाही. रुग्णांची निकड त्याला कळत नव्हती असं कोण म्हणेल? पथक पाठवणारा तोच होता. पण औषध पोहोचवणारा माणूस वाटेत मारला गेला तर औषधही पोहोचत नाही, हा साधा हिशेब त्याला कळत होता. त्या माणसाचा जीव हाही हिशेबात धरायचा जीव आहे, हेही कळत होतं.

तिसरं पत्र कोळशाचं आहे. बगदादच्या मुखर्रिम भागात बद्र नावाच्या सरदारानं काढलेलं एक रुग्णालय होतं. त्याचा खर्च खलिफा अल-मुतवक्किल यांच्या आईच्या वक्फमधून चालायचा. त्या वक्फच्या उत्पन्नातला काही भाग बनू हाशिमला, म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातल्या लोकांना जायचा आणि काही भाग या रुग्णालयाला. वक्फचा कारभार अबू अस-सक्र नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. हे गृहस्थ बनू हाशिमचा वाटा वेळेवर पोहोचवत आणि रुग्णालयाचा वाटा लांबवत. वजनदार लोकांचे पैसे आधी, दवाखान्याचे नंतर. वाचताना मला हे हजार वर्षांपूर्वीचं वाटलंच नाही.

सिनान यांनी गप्प बसून ‘सब्र’ केला नाही. त्यांनी वजिराकडे लेखी तक्रार केली. रुग्णालयात कोळसा नाही, खाण्याचं सामान नाही, पांघरुणं नाहीत आणि त्यामुळे रुग्णांचे हाल होत आहेत. अली इब्न ईसा यांनी ती तक्रारच अबू अस-सक्र यांच्याकडे पाठवून दिली आणि सोबत एक खरमरीत पत्र जोडलं. इतके महिने रुग्णालयाचा पैसा का थांबला, आणि तोही ऐन थंडीत? त्याचा जाब द्या. रुग्णालयाचा हक्क इतरांपेक्षा अधिक आहे, कारण तिथं दुबळी माणसं आसऱ्याला येतात. काहीही करा, पण रक्कम लवकर सोडा. म्हणजे रुग्णांना पांघरूण, कपडे आणि कोळशाची ऊब मिळेल, अन्न मिळेल आणि उपचार व खिदमत खंड न पडता चालू राहील.

खिदमत हा शब्द त्या पत्रातच आहे. आणि तो कोळसा, पांघरूण आणि अन्न यांच्या नंतर येतो. आधी सामान, मग खिदमत. आपल्या सत्कार समारंभांतला क्रम बरोबर याच्या उलटा असतो.

माणसं कशी सांभाळायची

सिनान यांचा आणखी एक प्रसंग आहे. ९३१ मध्ये एका वैद्याच्या चुकीनं बगदादमध्ये एक सामान्य माणूस दगावला. खलिफानं हुकूम काढला की सिनान यांनी परीक्षा घेतल्याशिवाय कुणी वैद्यकी करू नये. नामांकित आणि दरबारी वैद्य सोडून शहराच्या दोन्ही काठांवरचे ८६० हून अधिक लोक परीक्षेला आले.

त्यात एक म्हातारे गृहस्थ होते. कपडे नीटनेटके, रुबाब चांगला. सिनान यांनी त्यांना मानानं बसवून घेतलं. इतर लोक गेल्यावर विचारलं, शेखसाहेब, तुम्ही कुणाकडे शिकलात? म्हाताऱ्यानं काही दिनार पुढे ठेवले आणि कबूल केलं की मला नीट लिहिता-वाचता येत नाही, घरात खाणारी तोंडं आहेत, माझी रोजी तोडू नका. सिनान हसले. म्हणाले, ठीक, पण एका अटीवर. जे माहीत नाही त्याला हात लावायचा नाही, आणि साधा आजार असेल त्यापलीकडे रक्त काढणं किंवा पोट साफ करणारं औषध द्यायचं नाही. म्हातारा म्हणाला, माझी आयुष्यभर हीच रीत आहे. सिकंजबीन आणि जुल्लाब यांच्यापुढे मी कधी गेलोच नाही. सिकंजबीन म्हणजे मध किंवा साखर आणि सिरक्याचं सरबत, आणि जुल्लाब म्हणजे गुलाबपाण्याचं. (आपल्याकडे येईपर्यंत ‘जुलाब’चा अर्थ किती बदलला, हे मराठी वाचकाला सांगायला नको!) दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. कुणाकडे शिकलास? वडिलांकडे. कोण वडील? काल तुमच्याकडे आले होते ते. सिनान म्हणाले, भला माणूस आहे, तू त्यांच्याच रीतीनं चाल, पुढे जाऊ नकोस.

आजच्या नजरेनं हा प्रसंग सरळ नाही. अडाणी वैद्याला परवाना कसा दिला, पुढे ठेवलेल्या दिनारांचं काय, असे प्रश्न पडतात आणि पडावेत. पण त्यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सिनान यांनी त्या माणसाला चारचौघांत उघडं पाडलं नाही. सगळे जाईपर्यंत वाट पाहिली. आणि सूट देताना रुग्णाच्या जिवाची अट सोडली नाही. ज्येष्ठ सिस्टरला रुग्णांच्या नातेवाइकांसमोर ओरडणारे वरिष्ठ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा फरक समजेल.

त्याच काळातले अबू बक्र अर-राजी हेही आठवतात. रय शहरात आणि पुढे बगदादमध्ये ते रुग्णालयाचे प्रमुख होते. त्यांच्याबद्दल इब्न अन-नदीम यांनी नोंदवलं आहे की ते बसत तेव्हा त्यांच्यापुढे शिष्यांच्या रांगा असत. जवळ थोरले शिष्य, मग त्यांचे शिष्य, मग आणखी नवे. रुग्ण आला की आधी सगळ्यात बाहेरच्या रांगेला आपलं दुखणं सांगे. त्यांना उमगलं तर ठीक, नाहीतर पुढची रांग, आणि कुणालाच नाही जमलं तर खुद्द राजी. शिकवण्याची पद्धत म्हणून हे नेहमी सांगितलं जातं. मी शिक्षिका आहे, मलाही आधी तेच दिसलं. पण माझ्या विद्यार्थिनीला सांगितल्यावर ती पटकन म्हणाली, ‘‘म्हणजे नवीन माणूस एकटा नसायचा.’’ तिला पहिल्या महिन्यातच रात्रीचा सबंध वॉर्ड एकटीवर सोपवला होता. चुकलं तर मागे कुणीतरी आहे, या भरवशाची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती.

पाळ्यांची गोष्टही आहे. ९८२ मध्ये बुवैही अमीर अदुद अद-दौला यांनी बगदादमध्ये मोठं रुग्णालय काढलं. सुरुवातीला तिथं २४ वैद्य होते, त्यात शस्त्रक्रिया करणारे, डोळ्यांचे आणि हाडं बसवणारे असे वेगवेगळे. तिथले एक वैद्य जिब्राईल इब्न उबैदुल्लाह, प्रसिद्ध ख्रिस्ती वैद्यांच्या बुख्तीशू घराण्यातले. त्यांच्याबद्दल नोंद आहे की रुग्णालयात त्यांची पाळी आठवड्याला दोन दिवस आणि दोन रात्री असे, आणि दरबारच्या कामाचा पगार वेगळा, रुग्णालयाचा वेगळा. कोणत्या कामाचे किती पैसे आणि किती वेळ, हे ठरलेलं होतं. ‘जरा जास्त थांबा, खिदमत आहे’ असा हिशेब नव्हता.

राग उद्यावर

सिनान यांच्या शेवटच्या वर्षांतली एक हकीकत मला सगळ्यात जवळची वाटते. खलिफा अर-राजी ९४० मध्ये वारले. तेव्हा खरी सत्ता बजकम नावाच्या तुर्की सेनापतीच्या हाती होती आणि तो वासित शहरात राहायचा. त्यानं सिनान यांना बोलावून घेतलं. म्हणाला, माझ्या शरीराची काळजी घ्याच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे माझा स्वभाव बघा. मला राग आला की मी माणसांना मारतो, ठारही करतो, आणि राग उतरला की पस्तावतो.

सिनान यांनी त्याला शांतपणे समजावलं की तुमच्या वर कुणाचा हात नाही, जे करायचं ते तुम्ही केव्हाही करू शकता, ती संधी हातातून जात नाही. राग ही नशा आहे. म्हणून शिक्षा उद्यावर टाका. रात्र गेली की नशा उतरेल, मग ठरवा. बजकमनं ते मनावर घेतलं असं इतिहासकार सांगतात. त्याच काळात त्यानं दुष्काळात वासितला अन्नछत्र काढलं आणि बगदादमध्ये रुग्णालय. थोड्याच दिवसांत, ९४१ मध्ये, तो मारला गेला. सिनान ९४३ मध्ये वारले.

ज्याच्या वर कुणी नाही, त्यानं राग उद्यावर टाकावा, हे मी आमच्या शाळेच्या स्टाफ रूममध्येही सांगायला हवं. पण रुग्णालयात त्याचा अर्थ अधिक कठीण असतो. तिथं वरिष्ठाचा राग खालच्या माणसावर निघतो आणि खालच्या माणसाचा रुग्णावर.

आपल्या घरातला वक्फ

आता कुणी म्हणेल की बघा, आपला इतिहास किती थोर. मला हे लिहायचं नाही. त्याच बगदादमध्ये कोळसा महिनोन्‌महिने थांबला होता. सिनान यांनी तक्रार केली नसती आणि वर अली इब्न ईसा नसते, तर तो हिवाळा तसाच गेला असता. अली इब्न ईसा यांना लोकांनी पदावर टिकू दिलं नाही. चांगुलपणा एका माणसापुरता असला की त्याची बदली झाली की तो जातो. म्हणून मला त्या पत्रांपेक्षाही ती तक्रार मोठी वाटते. सिनान यांनी रुग्णांना आणि आपल्या माणसांना ‘भागवून घ्या’ म्हटलं नाही. भागत नाही, हे वर लिहून कळवलं.

आपल्या समाजात ट्रस्ट आहेत, वक्फच्या जमिनी आहेत, समाजानं वर्गणीतून उभे केलेले दवाखाने आहेत. कोरोनाच्या काळात आपल्या तरुणांनी ऑक्सिजनचे सिलिंडर वाहिले, सगळ्या धर्मांच्या मृतदेहांचे अंत्यविधी केले. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्याच दवाखान्यांतली नर्स, आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांचा पगार किती तारखेला होतो, हे आपण कधी विचारलं आहे का? मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. मग मुतवल्लीला हिशेब विचारताना ती का विसरतो?

आणि हे फक्त आपलंच दुखणं नाही. साथीच्या काळात घरोघर फिरलेल्या आशा सेविकांवर राज्यानं फुलं उधळली, त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या. त्याच आशांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी महाराष्ट्रभर संप करावा लागला. थाळीचा आवाज मोठा होता, पण कोळसा तेव्हाही रखडला होता.

खिदमत हा सुंदर शब्द आहे. तो माणसानं स्वतःबद्दल म्हणावा. मालकानं नोकराला तो ऐकवू नये. मालकाच्या तोंडी तो आला की बहुतेक वेळा काहीतरी द्यायचं राहिलेलं असतं.

सुट्टी संपायच्या आधी ती पुन्हा आली. हे सगळं तिला सांगितलं. नोकरी सोडून आखातात जाण्याचा विचार ती करत होती, कागदपत्रंही जमवली होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पिशवीतून एक कागद काढला. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला द्यायचा अर्ज होता. ‘‘आपा, मराठी तपासून द्या. सह्या सात जणींच्या आहेत.’’

अर्जात तीन मागण्या होत्या. रात्रपाळीला आणखी एक नर्स. पगाराची ठरलेली तारीख. आणि रात्री अकराला सुटणाऱ्यांना घरापर्यंत सोडायला गाडी. तिसरी मागणी वाचताना मला सवादचा रस्ता आठवला. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. ‘आपण दयाळू आहात, आमच्यावर मेहेरबानी करावी’ असं शेवटी लिहिलं होतं, ते तिला विचारून खोडलं. त्या जागी तिनंच लिहिलं, ‘पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं.’

अर्ज दिला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आखाताची कागदपत्रं तिनं सध्या कपाटात ठेवली आहेत.